राजवाड्याचा पुढचा भाडेकरू ठरवण्याआधी छप्पर बघा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

साताऱ्यातल्या राजवाड्याचे काय करायचे, हा विषय वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा डोके वर काढतो. कोणी संग्रहालय म्हणतो, कोणी कलादालन, कोणी सांस्कृतिक भवन; एखादा हळूच वारसा-हॉटेलचेही नाव काढतो. सूचना करणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. पण चर्चेचा क्रम उलटा आहे. आधी उपयोग ठरतो, मग त्या उपयोगासाठी वास्तू वाकवली जाते. जुन्या इमारतींच्या मोजणी-दुरुस्तीच्या कामाशी संबंध असलेले आम्ही काही जण म्हणून एवढेच सांगू इच्छितो की वास्तू काय पेलू शकते हे आधी पाहावे लागते. उपयोग त्यानंतर ठरतो. हे पत्र नेहमीपेक्षा लांब झाले आहे, पण तपशिलाशिवाय या विषयावर बोलण्यात अर्थ नाही.

इतिहासाची एक बाजू सहसा कोणी मोजत नाही. जुना राजवाडा प्रतापसिंह महाराजांनी १८२४ मध्ये बांधला. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवले, २५ सप्टेंबर १८१९ चा तह झाला आणि १८२२ मध्ये कारभार प्रत्यक्ष त्यांच्या हाती आला. म्हणजे हा वाडा स्वराज्याच्या धामधुमीतला नव्हे. गडावरून खाली शहरात उतरलेल्या, कागदोपत्री कारभार करणाऱ्या, शाळा, छापखाना आणि रस्ते यांत रस घेणाऱ्या राजाचा तो वाडा आहे. शेजारचा नवा राजवाडा १८३८ ते १८४४ या काळात उभा राहिला. त्याचे काम स्मिथ नावाच्या इंग्रज अभियंत्याकडे होते. वेण्णा आणि कृष्णेवरच्या पुलांचे आराखडेही त्याचेच. काम चालू असतानाच, १८३९ मध्ये, प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला धाडण्यात आले. १८४७ मध्ये तिकडेच त्यांचे निधन झाले. वाडा पुरा झाला तो त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांच्या कारकिर्दीत. आप्पासाहेब ५ एप्रिल १८४८ रोजी वारले, दत्तक डलहौसीने नाकारला आणि राज्य खालसा झाले.

आता हिशेब करा. राज्यकारभाराचे ठिकाण म्हणून जुन्या वाड्याला मिळाली चोवीस वर्षे. नव्या वाड्याला, पुरा झाल्यापासून, जेमतेम चार. १८५१ मध्ये जुन्या वाड्यात इंग्रजी शाळा सुरू झाली: आधी सातारा हायस्कूल, मग गव्हर्नमेंट हायस्कूल आणि १९५१ पासून छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल. नव्या वाड्यात सरकारी कचेऱ्या आल्या, पुढे बरीच वर्षे न्यायालय भरले. थोडक्यात, या वास्तूंचे बहुतेक आयुष्य शाळा आणि कचेरी म्हणूनच गेले आहे. तरीही 'मूळ वैभव परत आणू' असे म्हणताना आपण त्या चोवीस वर्षांवर बोट ठेवतो आणि पुढची दीडशे-पावणेदोनशे वर्षे ही जणू घाण, खरवडून काढायची.

याचा थेट परिणाम छिन्नी-हातोड्यावर होतो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव याच शाळेच्या पटावर चढले. रजिस्टरातला क्रमांक १९१४. १९०४ पर्यंत बाबासाहेब इथे शिकले. राज्य शासन २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. आता समजा, उद्या कोणी दरबारी रूप परत आणण्यासाठी वर्गांच्या आडभिंती पाडायला निघाला, तर तो कुठला इतिहास वाचवतो आहे आणि कुठला पाडतो आहे? आमचे मत स्पष्ट आहे. कोणतीही आडभिंत केवळ 'नंतरची' आहे म्हणून काढू नये. ती वास्तूला इजा करत असेल, म्हणजे खालच्या तुळईवर (मजला पेलणाऱ्या जाड आडव्या लाकडावर) भार टाकत असेल, चौकातला वारा अडवत असेल किंवा ओल कोंडत असेल, तरच काढावी. तीही मोजून, रेखाटून आणि छायाचित्रे घेऊन.

कौलांचेच घ्या. मंगळुरी कौलांचा कारखाना बासेल मिशनने मंगळूरला १८६५ मध्ये काढला. त्यामुळे १८२४ किंवा १८४४ च्या कोणत्याही वाड्यावर दिसणारे मंगळुरी कौल नंतरचे, हे उघड आहे. म्हणून ती उतरवून नळीची, म्हणजे जुनी अर्धगोल देशी, कौले चढवायची का? आमच्या मते मुळीच नाही. मंगळुरी कौल हलके, चौरस मीटरला पंधरा-सोळा लागतात, एकमेकांत अडकून बसतात, वानरांनी आणि वाऱ्याने कमी हलतात. नळीच्या कौलांची दरवर्षी मृगाआधी शाकारणी करावी लागते, म्हणजे ती काढून पुन्हा नीट रचावी लागतात, आणि ती करणारी माणसे आता शोधून सापडत नाहीत. जे छप्पर सांभाळता येणार नाही ते शुद्ध असून उपयोग काय?

उलट, कौले काढून वर काँक्रीटचा स्लॅब टाकणे हा 'कायमचा इलाज' मात्र जीवघेणा आहे. मंगळुरी कौलांचे वजन, वासे-रिपा सोडून, चौरस मीटरला चाळीस किलोच्या आसपास. अवघ्या चार इंची स्लॅबचे अडीचशे किलो, वर गळती थांबवण्यासाठी विटांचा कोबा टाकला तर आणखी. सहापट भार ज्या भिंतींवर येतो त्या दगड-मातीच्या किंवा पातळ विटांच्या; त्या खाली दाबल्या जायला तयार असतात, बाहेर ढकलले जाणे त्यांना सोसत नाही. त्यात कोयना परिसरातले भूकंपाचे धक्के आपल्याला नवे नाहीत. लाकडी सांगाडा हलतो, करकरतो आणि पुन्हा जागेवर येतो. जड स्लॅब डोक्यावर असलेली मऊ भिंत तसे करू शकत नाही.

वाड्याची रचना माहीत असेल तर तो कुठे खचणार हे बिनचूक सांगता येते. खाली काळ्या दगडाचे जोते. त्यावर तळखडे, म्हणजे खांबाखालच्या दगडी बैठका, तळखड्यावर सागवानी खांब, खांबाच्या माथ्यावर हस्त, म्हणजे तुळई पेलणारा लाकडी आधार, त्यावर तुळई, तुळईवर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या आणि त्यांवरच्या फळ्या. कडीपाटावर माती-चुन्याचा चार ते सहा इंचांचा थर आणि वर कोबा. भिंती बऱ्याचदा नुसत्या भरणीच्या असतात, खरा भार लाकूड वाहते. सागवान दोनशे वर्षे सहज टिकते, पण एका अटीवर: ते कोरडे राहिले पाहिजे. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशी धरत नाही. त्याच्या वर गेला आणि तसाच राहिला, की सागालाही कोणी वाचवू शकत नाही.

म्हणून शोध घ्यायचा तो पाण्याचा. सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या उत्तर उतारावर वसले आहे, पश्चिमेला यवतेश्वराचा डोंगर. पावसाळ्यात पाणी या दोन बाजूंनी खाली येते आणि प्रत्येक जुन्या वाड्याच्या चढाकडच्या जोत्याला टेकते. पूर्वी जोत्याभोवती दगडी गटार असे आणि जमीन जोत्याच्या बरीच खाली असे. गेल्या शंभर वर्षांत दर खेपेला रस्ता डांबराचा किंवा काँक्रीटचा थर घेत वर आला, आवारात फरशी आली, गटारे बुजली. जोते दिसायला बुटके झाले आहे का, हे आधी पाहावे. पायऱ्यांपैकी खालची एखादी जमिनीत गेलेली दिसली की निदान झालेच म्हणून समजा. अशा ठिकाणी भिंतीला रसायन टोचण्याआधी बाहेर दोन-अडीच फूट रुंदीचा चर खणून माती खाली न्यायची आणि पाण्याला वाट द्यायची. हे काम स्वस्त आहे, त्यात दाखवण्यासारखे काही नाही, त्यामुळे ते कधीच होत नाही.

दुसरी जागा खांबाचा पाय. तळखड्याचा उद्देशच मुळी लाकूड जमिनीपासून वर ठेवण्याचा. पण कचेरी आली की फरशी येते. जुन्या कोब्यावर सिमेंटचा मसाला आणि त्यावर शहाबादी किंवा चकचकीत लादी. दोन-तीन वेळा असे झाले की तळखडा फरशीत गडप होतो आणि खांबाचा पाय ओल्या सिमेंटमध्ये उभा राहतो. वरून तेलरंग असल्याने खांब धडधाकट दिसतो. तपासणी सोपी आहे: लाकडी हातोडीने खालपासून वर ठोकत जायचे, आवाज पोकळ झाला की तिथे बारीक टोच्या घालून पाहायचा. अर्ध्या इंचाहून जास्त विनासायास आत गेला तर पाय गेला. पिन असलेला ओलावामापक असेल तर उत्तमच. रंगावर न टोचता रंग खरवडून टोचावा, नाहीतर आकडा फसवा येतो.

तिसरी जागा भिंतीत शिरलेले तुळयांचे शेंडे आणि चौथी छपरांच्या सांध्यातली पन्हळ. चौकाच्या चारही बाजूंची छपरे जिथे कोपऱ्यात भेटतात तिथे पन्हळीत पाला साचतो, पाणी उलटे कौलांखाली शिरते, थेट कोपऱ्याच्या खांबाच्या माथ्यावर. चौसोपी वाड्यात आधी कोपरे बसतात, ते यामुळे. पन्हळीचा पत्रा बदलताना तो नुसता रुंद करून भागत नाही. कौलाखाली दोन्हीकडे किमान सहा-आठ इंच गेला पाहिजे आणि उतार सलग हवा.

पाय कुजलेला खांब पूर्ण बदलावा लागतो हा गैरसमज आहे. ठेकेदाराला तो सोयीचाही आहे, कारण जुना सागवान कुठे जातो हे नंतर कोणी विचारत नाही. खरी पद्धत अशी. आधी वरच्या सगळ्या मजल्यांना धिरे, म्हणजे तात्पुरते टेकू, द्यायचे. फक्त खालच्या मजल्याला दिले तर वरचा भार मधेच लटकतो. धिऱ्यांखाली जाड फळ्या टाकायच्या म्हणजे भार पसरेल. मग जॅकने तुळई उचलायची ती अगदी दोन-तीन मिलिमीटर, खांबावरचा भार सुटेपर्यंतच. 'बसलेली माडी सरळ करू' म्हणून एका दिवसात इंचभर उचलली की वरच्या भिंतींना भेगा गेल्याच. कुजका भाग चांगल्या लाकडापर्यंत कापून त्याच जातीच्या, शक्यतो जुन्या आणि मुरलेल्या सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडायचा. सांध्याची लांबी खांबाच्या जाडीच्या निदान तिप्पट. लाकडी खुंट्या किंवा स्टेनलेस स्टीलचे बोल्ट वापरायचे. साधे लोखंड गंजून फुगते आणि लाकूड फाडते. शेवटी तळखडा उघडा करायचा आणि त्याच्याभोवती फरशी परत येऊ द्यायची नाही.

वाळवीचे औषध हा वेगळा ठेका निघतो आणि बहुधा चुकीच्या क्रमाने निघतो. ओल तशीच ठेवून औषध मारले तर वाळवी दुसऱ्या वाटेने येते. ओल काढल्यावर भिंत आणि फरशी यांच्या सांध्यात एक-एक फुटावर १२ मिलिमीटरची भोके घेऊन प्रत्येकी सुमारे लिटरभर द्रावण मुरवायचे, ही प्रमाण पद्धत आहे. पंपाने भिंतीवर फवारा मारून बिल काढले तर ते फक्त बिलच.

आता चुना. याबाबत सगळ्यात जास्त नुकसान चांगल्या हेतूने झाले आहे. भिंतीला ओल आली, पोपडे निघाले, म्हणून चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा केला, वर तेलरंग दिला. पहिली दोन वर्षे सगळे खूश. मग ओल सिमेंटच्या वरच्या कडेला, पाच-सहा फुटांवर उगवते. कारण सरळ आहे: जमिनीतले पाणी भिंतीत चढते आणि मिळेल त्या उघड्या जागेतून उडून जाते. खालची जागा बंद केली की ते आणखी वर चढते. सोबत आणलेले क्षार वाळताना फुगतात, लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागतो आणि मऊ विटेचा चुरा होतो. सिमेंट शाबूत, त्यामागची वीट पीठ, हा प्रकार टिचकी मारली की कळतो.

असा गिलावा ब्रेकरने नव्हे तर हलक्या छिन्नीने काढावा. भिंत एक पूर्ण उन्हाळा उघडी ठेवावी. लोणा कोरड्या ब्रशने झाडून गोळा करून आवाराबाहेर न्यावा. पाण्याने धुतला की तो परत भिंतीत जातो. नंतर चुन्याचा गिलावा. मूळ मसाला कसा होता ते पाहायला मूठभर तुकडा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला तर चुना फसफसून विरघळतो आणि वाळू उरते. आपल्याकडची नदीची वाळू काळ्या दगडाची असल्याने ती आम्लाला दाद देत नाही. वाळवून, चाळून, तोलून प्रमाण आणि कणांचा आकार दोन्ही हाती लागतात. साधारणपणे एक भाग चुन्याला दोन ते तीन भाग वाळू. ओलसर जागी एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटांची भुकटी) आणि दोन भाग वाळू. सुरखी नीट भाजलेल्या विटांची हवी, भट्टीवरचा कुठलाही भुगा चालत नाही.

कळीचा, म्हणजे भट्टीतून आलेला न विरवलेला, चुना हौदात विरवून पाण्याखाली ठेवायचा. खालच्या थरासाठी निदान आठवडा, वरच्या गुळगुळीत हातासाठी महिना किंवा त्याहून अधिक. इथे घाई केली की न विरलेले बारीक खडे गिलाव्यातच विरतात, फुगतात आणि वर्षभरात भिंतीवर देवीचे व्रण उठल्यासारखे खड्डे पडतात. मग सगळे म्हणतात, चुना टिकत नाही. चुन्याच्या घाणीत (मसाला दळायच्या चक्कीत) मळताना गूळ, हिरडा, बेलफळाचा गर घालण्याची रीत आहे. त्याने मसाला चांगला लागतो, हळू वाळतो. पण ओल असलेल्या भिंतीवर गुळाचे पाणी जास्त झाले तर बुरशी येते, हे कौतुकाने सांगणाऱ्यांनी तेही सांगावे. एक थर अर्ध्या इंचाच्या आत, दोन थरांत आठ-दहा दिवस आणि गोणपाट ओले ठेवून निदान दोन आठवडे सावली. वर चुन्याचाच रंग. प्लास्टिक रंग दिला की इतक्या मेहनतीने उघडी केलेली भिंत पुन्हा बंद.

भारांचा हिशेब न करता उपयोग ठरवता येत नाही असे वर म्हटले, त्याचे आकडे असे. भारतीय मानकांनुसार राहत्या घराच्या मजल्यासाठी चौरस मीटरला साधारण २०० किलो वापराचा भार धरतात, शाळेच्या वर्गासाठी ३००, संग्रहालयासाठी ४००, बिनखुर्च्यांच्या सभागृहासाठी ५००, कागदपत्रांच्या खोलीसाठीही ५००. प्रत्यक्षात दोन मीटर उंचीची, दप्तरांनी गच्च भरलेली लोखंडी मांडणी आपल्या पायाखाली चौरस मीटरला हजार किलोच्या आसपास भार टाकते. वाड्याची माडी राहण्यासाठी बांधलेली. म्हणजे शाळा हा वाड्याला तुलनेने हलका भाडेकरू. कचेरी स्वतः हलकी, तिचे अभिलेख मात्र सगळ्यात जड. माडीचा मधला भाग खाली बसलेला दिसला तर वरची लादीही हिशेबात धरा. दोन इंच सिमेंट आणि वर लादी म्हणजे चौरस मीटरला दीडशे किलो, माणूस एकही न येता.

म्हणून कोणताही नवा उपयोग आला तरी तीन गोष्टी आमच्या मते पक्क्या धराव्यात. अभिलेख तळमजल्यावर आणि भिंतीलगत. माडीवर सभा, लग्न, नाटक नाही. त्याला भाराइतकेच जिन्यांचेही कारण आहे, कारण वाड्याचे जिने भिंतीत कोंबलेले, अरुंद, वळणाचे आणि अंधारे असतात आणि आग लागली तर दोनशे माणसे त्यातून उतरू शकत नाहीत. तिसरे, स्वच्छतागृहे वाड्याच्या आत नाहीत. चौकाच्या कोपऱ्यात नंतर काढलेले संडास आणि त्यांचे भिंतीत गाडलेले नळ यांनी जितकी लाकडे खाल्ली तितकी वाळवीनेही खाल्ली नसतील. ती वेगळ्या छोट्या बांधकामात, उताराच्या खालच्या अंगाला न्यावीत.

संग्रहालय हा सगळ्यांचा आवडता पर्याय, म्हणून त्याबद्दल थोडे परखडपणे. कागद, कापड, जलरंगातली चित्रे यांना ५० लक्सपेक्षा जास्त प्रकाश सोसत नाही आणि हवेतला दमटपणा शक्यतो पन्नास टक्क्यांच्या आसपास स्थिर लागतो. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये तो ऐंशीच्या पुढे असतो. मग वातानुकूलन येते, खिडक्या बंद होतात, थंड भिंतीवर दव धरते आणि एवढा वेळ श्वास घेणारी भिंत आतून भिजते. त्यापेक्षा वाड्यात वाड्याचाच इतिहास मांडावा: नकाशे, छायाचित्रे, दगडी शिल्पे, कागदपत्रांच्या प्रती. शस्त्रे ठेवायचीच तर बंदिस्त पेटीत सिलिका जेलसह, आणि ते दर पावसाळ्यात बदलायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर. अस्सल कागद आणि वस्त्रे त्यासाठीच बांधलेल्या इमारतीत राहू द्यावीत. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींना हे बरोबर उमगले होते. हाताशी राजवाडा असताना त्यांनी आपल्या संग्रहासाठी मूळपीठाच्या डोंगरावर स्वतंत्र भवानी संग्रहालय १९३८ मध्ये उभारले.

फलटणच्या राजवाड्यासारख्या वास्तूंना चित्रीकरणाने उत्पन्नाची वाट दाखवली आहे आणि ती वाईट नाही. कुठल्याही वाड्याने असा करार करताना मात्र खिळा, गोंद, रंग यांना पूर्ण बंदी, दिव्यांसाठी बाहेरचा जनित्र संच, माडीवर एका वेळी किती माणसे याचा आकडा आणि भरून न येणाऱ्या नुकसानीसाठी अनामत, एवढे कलमात हवे.

सांगलीकरांचा प्रश्न निराळा. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी १८०१ मध्ये मिरजेहून वेगळे होऊन सांगलीला राजधानी केली, गणेशदुर्ग उभारला. संस्थान विलीन झाल्यावर तिथेही सरकारी कचेऱ्या आल्या. तिकडे वैरी कृष्णा. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. पुरात बुडालेल्या जुन्या भिंतीला लगेच रंग-गिलावा करणे ही सर्रास चूक होते. जाड भिंत साधारण महिन्याला एक इंच या गतीने सुकते. दोन फुटी भिंत दोन्ही अंगांनी उघडी ठेवली तरी वर्ष लागते. त्या वर्षात खिडक्या उघड्या, कपाटे भिंतीपासून हातभर पुढे आणि जमिनीखालच्या पोकळीतला गाळ बाहेर, इतकेच करायचे. वीजजोडणी पुररेषेच्या वर घेणे हे तिथे बाकी सगळ्याच्या आधी.

विजेबद्दल एरवीही दोन वाक्ये पुरेत. लाकडावर थेट ठोकलेल्या जुन्या वायरींवर पंखे चालत होते. त्यांच्यावरच झेरॉक्स यंत्र, संगणक आणि वातानुकूलन चढले, तर कडीपाटाच्या पोकळीत आग लागते आणि ती दिसेपर्यंत तिने छप्पर धरलेले असते. वायरी लोखंडी नळीतून, प्रत्येक दालनाला वेगळे मंडल (सर्किट), गळती ओळखून तुटणारा स्विच आणि मुख्य खटका बाहेर, जिथे रात्रीचा पहारेकरी अंधारात पोचेल तिथे.

हे सगळे कागदावर उतरते ते निविदेत आणि बिघडतेही तिथेच. 'भिंतींना गिलावा करणे, चौरस मीटर अमुक' एवढे लिहिले की सर्वात कमी दराचा ठेकेदार सिमेंटच लावणार. त्यात त्याचा दोष नाही. बाबीत चुना किती दिवस विरवलेला, वाळू कुठल्या चाळणीची, थर किती, ओले किती दिवस ठेवायचे, हे सगळे हवे. नमुन्याची एक भिंत आधी करून एक पावसाळा पाहिल्यावरच उरलेले काम द्यावे. खांबांना क्रमांक द्यावेत आणि काढलेल्या प्रत्येक लाकडाची नोंद ठेवावी, कारण निम्म्याहून जास्त लाकूड कापून पुन्हा वापरता येते. भेगांवर पातळ काचपट्ट्या चिकटवून तारीख लिहावी. पावसाळा आणि हिवाळा दोन्ही जाऊनही काच शाबूत असेल तर ती भेग जुनी, भरून टाकावी. तडकली तर पाया पाहावा. आज मात्र भेग दिसली की पहिल्याच आठवड्यात भरली जाते आणि पुराव्यावर रंग बसतो.

कायद्याची बाजू: वास्तू १९६० च्या राज्य पुरातत्त्व कायद्याखाली संरक्षित आहे की १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याखालच्या वारसा यादीत, की कशातच नाही, यावर परवानगी कोणाची हे ठरते. ते आधी लेखी घ्यावे. मालक एक, वापरणारा दुसरा आणि दुरुस्ती करणारा तिसरा असा कारभार असेल, तर पन्हळीतला पाला काढायचे काम कोणाचे हेही त्याच कागदावर यावे.

वेळापत्रकाबद्दल शेवटचे. मोजणी आणि ओल शोधण्याचे काम भर पावसात, जुलै-ऑगस्टमध्ये करावे. गळती उन्हाळ्यात दिसत नाही. चर, गटारे आणि जोत्याभोवतीची माती दिवाळीच्या आत. लाकूड आणि चुन्याचे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, कारण एप्रिलच्या उन्हात चुना धरण्याआधीच वाळतो. छप्पर मार्चपासून आणि ७ जूनच्या आत कौलाखालची शेवटची रीप ठोकलेली हवी. आर्थिक वर्ष मात्र ३१ मार्चला संपते आणि निधी खर्ची टाकण्याची धावपळ फेब्रुवारीत सुरू होते, त्यामुळे छपराआधी रंग होतो. निधी दोन वर्षांत विभागून, पहिल्या वर्षी फक्त पाणी आणि छप्पर, दुसऱ्या वर्षी भिंती, अशी मंजुरी लोकप्रतिनिधींनी मागून घेतली तर वरचे बहुतेक शक्य आहे. राजवाड्यात काय सुरू करायचे याची चर्चा त्या दोन वर्षांत खुशाल चालू द्या.

आपले,
जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीत काम करणारे काही सातारकर
सातारा